नवऱ्याच्या वाट्याचं चालणं

उकंडरावांना यमानं बाळंतखोलीतच मागितलं होतं आणि त्यांच्या आईनं दिलं नव्हतं, अशी त्या घरातली गोष्ट होती. आधीचे मुलगे पाळण्यातच गेलेले. म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायला लावलं. शेजारणीनं जाऊन ‘कोणाचं तरी टाकलेलं पोर सापडलं’ म्हणत उचललं आणि पायलीभर ज्वारीला आईलाच विकलं. यमाला वाटावं, हे तर उकिरड्यावरचं, याला नेऊन काय करायचं! नाव ठेवलं उकंडा. पुढं आईनं त्याच्यासाठी पायात वहाण घालणं सोडलं, सोमवार धरले, आंबा सोडला. उकंडानं स्वतः काय केलं? दूध प्यायला आणि झोपला. पण जगला. आपल्या जिवाची काळजी दुसऱ्यानं वाहायची आणि आपण नुसतं जगायचं, हे तेव्हापासून त्याच्या अंगवळणी पडलं.

गोजरबाई सून होऊन आली आणि काही वर्षांनी सासूनं अंथरूण धरलं. जाताना म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला होता. “माह्या उकंड्याले सांभाळजो वं. त्याले सोताचं काही समजत नाही.” गोजरबाईनं ते वाक्य मंगळसूत्रासारखं गळ्यात बांधून घेतलं.

गाव सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, अगदी सातपुड्याच्या पायथ्याशी. काळी जमीन, बारमाही पाण्याची विहीर, दारात बैलजोडी आणि बसायला दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी. एकुलती लेक कोकिळा लग्न होऊन लांब दुसरबिडाला गेली होती, घरात ही दोघंच. खाणं मात्र दहा माणसांचं. पंगतीत उकंडराव बसले की वाढपी आपण होऊन दोन फेऱ्या जास्त मारायचे. पुरणपोळीवर तुपाची धार धरली की ‘बस’ म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि ‘बस’ ऐकल्याशिवाय धार थांबवायची गोजरबाईला सवय नव्हती. उन्हाळ्यात आंब्याचा रस आणि सरगुंडे, थंडीत रोडगे, मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे. गावात कोणी म्हणालं, “मालक, अंग वाढून राह्यलं बरं का,” तर ते पोटावर हात फिरवत म्हणायचे, “हे माह्या बायकोच्या हातचं इनाम हाये.” गोजरबाई आतून ऐकायची आणि तिचं मूठभर मांस वाढायचं.

मग एका हिवाळ्यात त्यांना पाण्याची तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या रिता व्हायचा. पाय जड झाले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. आणि एक दिवस मोरी धुताना गोजरबाईला मुंग्या दिसल्या. गूळ सांडला नव्हता, काही नव्हतं, तरी मोरीच्या कडेला काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. तिनं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी ती उकंडरावांना एसटीत बसवून जळगाव जामोदला घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होता, बोलायला स्वच्छ. त्यानं एका काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात उकंडरावांच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल. “ही साखर,” डॉक्टर म्हणाला. “रक्तात साखर वाढली आहे. गोळ्या देतो, पण गोळ्यांपेक्षा तुमचं वागणं बदललं पाहिजे. गोड बंद. भात कमी. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक खा आणि दोन घास पोटात जागा ठेवून उठा. रोज पहाटे चाला, अंगाला घाम येईपर्यंत. पायांना जपा, जखम होऊ देऊ नका. एवढं केलंत तर शंभरी गाठाल.”

“नाही केलं तं?” गोजरबाईनं विचारलं.

“मग डोळे जातील, पाय जातील. शेवटी माणूस जाईल.”

एसटीत परत येताना गोजरबाईच्या डोळ्यांपुढून ती लाल नळी हलेना. शेजारी उकंडराव खिडकीला डोकं टेकून घोरत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना पहाटे उठवलं. धोतर नेसून, काठी घेऊन, तोंड वाकडं करून ते निघाले. गावकुसाशी किसनराव भेटला. तो म्हणाला, “काय मालक, आज पायी? बैल मेला काय?” बस. तेवढ्या एका वाक्यानं डॉक्टरचं निम्मं औषध वाया गेलं. उकंडराव तिथूनच मागं फिरले. “ज्याच्या दारात दमणी हाये त्यानं पायी फिराव? गावाले वाटन घर बुडालं. मी का पोस्टमन हावो?” दुपारी ताटात भाकरी, अंबाडीची भाजी आणि ताक बघून त्यांनी असा चेहरा केला की गोजरबाईनं हातातला घास खाली ठेवला. संध्याकाळी तिनं आपल्या हातानं शिरा केला. केला, वाढला आणि आत जाऊन रडली.

त्या आठवड्यात तिची नणंद पुष्पाबाई आली. उकंडरावांची थोरली बहीण, बोलण्यात तिखट, देवधर्मात पक्की. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्याच्यानं काय होते व? तो लहानपनापासून तसाच. मायनं त्याच्यासाठी अनवानी पाय झिजवले, तवा तो जगला. आता माय नाही, तू हायेस. तू सोड गोड. तू चाल. बायकोचं केलेलं नवऱ्याले लागते, नाहीतं आपन वडाले दोरा कायले गुंडाळतो?”

गोजरबाईला एकदम उजेड दिसल्यासारखं झालं. खरंच की! नवऱ्याच्या आयुष्यासाठी बाईनं उपास करायचा, नवरा पोटभर जेवायचा आणि आयुष्य त्याचं वाढायचं, हे तर जन्मापासून बघितलेलं. मग डॉक्टरनं सांगितलेलं तेवढं वेगळं कसं असेल? पथ्य म्हणजेही एक व्रतच. पुढच्याच सोमवारी तिनं देवापुढं पाणी सोडलं. यांच्या वाट्याचं गोड मी सोडलं, यांच्या वाट्याचं चालणं मी चालीन, यांना बरं कर.

आणि तिनं ते केलं. असं केलं की एखाद्या डॉक्टरनं दृष्ट काढावी. पहाटे तोंड धुऊन ती निघायची. गाव मागं टाकून, कापसाच्या पऱ्हाटीच्या शेतांमधल्या पायवाटेनं टेकडीवरच्या महादेवापर्यंत चढायची, बेल वाहून उतरायची. गोडाचा कण जिभेवर ठेवायची नाही. भात सोडला. भाकरी, पालेभाजी, वाटीभर वरण, ताक, आणि दोन घास भूक ठेवून उठायची. ते दिवस साखर रेशनवर मिळण्याचे होते. तिच्या नावावरची साखर आता उरायला लागली, तिचं काय करायचं? तिनं ती उकंडरावांच्या चहात घातली. बिचाऱ्याला आजारपणात तेवढाच आधार!

उकंडराव खूश होते. कधी गोजरबाईचा डोळा उशिरा उघडला तर तेच अंथरुणातून हाक मारायचे, “उठ वं! चालाले जायचं नाही काय? माहा खाडा पाडतं काय?” आणि ती धडपडत उठली की ते कूस बदलून झोपायचे.

वाटेत तिला जनकाबाई भेटायची. बौद्धवाड्यातली जनकाबाई निंदणाला, वेचणीला रानात निघालेली असायची, डोक्यावर भाकरीचं गठुडं, हातात विळा. आधी दोघी नुसत्या बघून हसायच्या, मग बोलत बोलत सोबत चालायला लागल्या. एकदा जनकाबाईनं विचारलं, “बाई, तुमाले तं घरी गडीमानसं, मंग हे रोजचं काऊन?” गोजरबाईनं सगळं सांगितलं. जनकाबाईनं विळा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, “आमी सोडले ते उपास-तापास. बुद्धाकडं आलो तवापासून घरात एक बी वरत नाही. पन एक सांगू का? राग नका मानू. ज्याचं पोट दुखन त्यानंच ओवा खाव.”

गोजरबाई हसली. “तुले नाही समजनार जनके,” असं म्हणून तिनं पावलं उचलली. राग नाही आला तिला, कीव आली. हिला नवऱ्यासाठी काही करायचं सुखच ठाऊक नाही, असं तिला वाटलं.

आणि फळ तर दिसत होतं! वर्षानुवर्षं जिना चढताना कुरकुरणारे तिचे गुडघे बोलायचे बंद झाले. टेकडी चढताना धाप लागेना. पाठ टेकली की झोप यायची. चोळ्या सैल झाल्या, चेहऱ्यावर तकाकी आली. टेकडीवर उभं राहून सातपुड्याकडून येणारा गार वारा अंगावर घेताना तिला इतकं हलकं वाटायचं की तिचे डोळे भरून यायचे. हे हलकेपण खाली घरात, अंथरुणात निजलेल्या नवऱ्याला पोचतंय, असं तिच्या मनात पक्कं होतं.

पोचत नव्हतं. जळगावच्या डॉक्टरनं पुन्हा नळी तापवली, ती पुन्हा विटेसारखी लाल झाली. “चालता ना रोज?” त्यानं विचारलं.

“हाव,” उकंडराव म्हणाले. “एक दिवस खाडा नाही.”

“आणि गोड?”

“बंद हाये.”

डॉक्टरनं गोजरबाईकडं बघितलं. तिनंही मान हलवली. आपण खोटं बोललो असं तिला वाटलंच नाही, आणि खरं सांगायचं तर उकंडरावांनाही वाटलं नसेल. डॉक्टर बुचकळ्यात पडला, त्यानं गोळ्या वाढवल्या. परतताना उकंडरावांनी बसस्टँडवर जिलबी घेतली. “तुह्या वाट्याची बी देजो माह्याकडं,” ते हसत म्हणाले. तिनं दिली. तिला काय, सोडलेलंच होतं.

मग भाच्याचं लग्न आलं. पुष्पाबाईचा धाकटा मुलगा, म्हणजे उकंडराव मामा, मान मोठा. नवा करकरीत जोडा घालून ते वरातीत मिरवले. जोडा अंगठ्याला चावला, पण त्यांना कळलंच नाही. त्या पायांना आताशा काही जाणवतच नव्हतं. चार दिवसांनी गोजरबाईला धोतराच्या काठावर डाग दिसला. तिनं पाय मांडीवर घेतला. अंगठ्याशी जखम होती, ओली, कडेनं काळसर.

तिनं हळद भरली. कडुनिंबाच्या पाल्यानं धुतली. आणि ज्या गोष्टीवर तिचा खरा भरवसा होता ती वाढवली. तिनं चालणं दुप्पट केलं. संध्याकाळीही निघायला लागली, आणि पायातली वहाण काढून ठेवली. पायाच्या दुखण्यासाठी पायांनीच सोसायला हवं, नाही का? सासूनं हेच केलं होतं. टेकडीच्या वाटेवर सराटे, काचेसारखे दगड, पण तिच्या टाचांना एक ओरखडा उठला नाही. काटा रुतला तरी दुसऱ्या दिवशी भरून यायचा. आणि घरी उकंडरावांचा अंगठा काळा पडत चालला, मग शेजारचं बोट. घरात वास यायला लागला, गोड, नकोसा वास. उकंडराव चिडून म्हणायचे, “उंदीर मेला असन कुठंतरी, पाहा.” ती उंदीर शोधायची.

तेव्हा तिनं त्यांना जळगावला न्यायला हवं होतं. तिला ते पुढं जन्मभर कळत राहिलं. पण तेव्हा तिला वाटलं, सोमवारपर्यंत बघू, या सोमवारी उतार पडेल.

शेवटी दमणीत गादी घालून त्यांना नेलं तेव्हा पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं होतं आणि ते तापाच्या ग्लानीत होते. डॉक्टरनं फडकं सोडलं आणि नाकाला रुमाल लावला. नळी लाल झाली. तो ओरडलाच, “असं कसं झालं? रोज चालणारा, पथ्य पाळणारा माणूस! तुम्ही खरं सांगा, पथ्य पाळलं होतं ना?”

“पाळलं,” गोजरबाई म्हणाली. “मी पाळलं.”

“तुम्ही नाही हो. यांनी.”

“यायच्या वाट्याचं मीच करतो. साखर नाही खाल्ली, भात नाही खाल्ला. रोज चालली. आता तं दोन टाइम चालतो, अनवानी.” तिचा आवाज चढला. “माह्यावर इस्वास नसन तं तपासा मले!”

डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिला. काय मनात आलं कोणास ठाऊक, त्यानं खरंच तपासलं. दुसऱ्या नळीत निळं पाणी घेतलं, दिव्यावर धरलं. पाणी उकळलं, बुडबुडे आले. रंग निळाच राहिला. निळाच. त्यानं दोन्ही नळ्या शेजारी धरल्या, एक विटेची, एक आभाळाची. मग हळू आवाजात एवढंच म्हणाला, “बाई, तुमची तब्येत खणखणीत आहे. तुम्ही पुष्कळ जगाल.”

कोणी शाप दिला असता तरी गोजरबाईला इतकं लागलं नसतं. वर्षभर जे हलकेपण, जी झोप, जो गार वारा तिनं नवऱ्याच्या नावानं अंगावर घेतला होता, तो सगळा तिच्याच अंगात बसून राहिला होता. त्याच्यापर्यंत थेंबही गेला नव्हता. तिच्या वाट्याची जिलबी तेवढी गेली होती.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापला. उकंडराव घरी आले ते बाजेवरच. त्यांचं अंग बघता बघता उतरलं, गालफडं बसली. गोजरबाई आता भाकरी, भाजी, ताक असंच वाढायची, आणि आता ते निमूट खायचे. तिनं चालणं बंद केलं होतं. पहाटे जाग यायची, पाय शिवशिवायचे, ती तशीच पडून राहायची.

एका पहाटे बाजेवरून आवाज आला. “गोजर, चालाले जाऊन नाही राह्यली काय?”

ती उठून त्यांच्यापाशी बसली.

“बंद नको करू वं,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि भीती होती, लहान पोराची. “एक पाय अजून उरला हाये. त्याच्यासाठी चाल. तुह्यावरच तं हाये माहं सारं.”

सांगावं की नाही? डॉक्टरच्या हातातल्या त्या दोन नळ्यांची गोष्ट तिच्या ओठांवर आली होती. पण ज्या माणसाला उकिरड्यावरून उचलून आणल्यापासून दुसऱ्याच्या पुण्यावरच जगायला शिकवलं, त्याला आता, एका पायावर, काय शिकवायचं? ती म्हणाली, “जातो मी,” आणि निघाली.

ते चालणं फार वाईट होतं. आता तिला ठाऊक होतं. प्रत्येक पावलागणिक आपण त्यांच्यापासून लांब जातोय, आपण भरतोय आणि ते सरताहेत, हे तिला समजत होतं, आणि तरी ती रोज जायची, कारण परत आल्यावर ते विचारायचे, “गेली होतं ना महादेवापर्यंत?” आणि ‘हाव’ ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर घटकाभर निश्चिंती यायची. तेवढंच तिच्या हातून त्यांना पोचत होतं. पोळा झाला, दसरा झाला. दिवाळीच्या तोंडावर दुसऱ्या पायानंही काळा रंग धरला, ताप चढला. ती टेकडीवरून परत आली तेव्हा कोणी विचारलं नाही.

तेरवीला, तेराव्या दिवशी, पंगत मोठी झाली. उकंडरावांच्या आवडीची बुंदी केली होती. बायकांच्या घोळक्यात पुष्पाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. गोजरबाई पाणी वाढत जवळून गेली तेव्हा ती म्हणाली, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “भाऊ वाळून वाळून गेला माहा. आन् हे पाहा, कशी ठनठनीत! त्याचं आविष्य खाऊन बसली.” गोजरबाई पाणी वाढत पुढं गेली, कारण यातलं खोटं नेमकं कोणतं ते तिला सापडेना. शेवटच्या पंगतीला कोकिळेनं तिच्या ताटात बुंदी वाढली, “खाय ना माय, आता कायचं सोडलेलं.” तिनं चिमूट तोंडात घातली. ती गोड लागली, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती मागल्या दारी जाऊन थुंकून आली.

पुढं महिनाभर ती घरातच बसून राहिली. बसून अंग आंबलं. गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले तेव्हा तिला बरं वाटलं, देणं फिटल्यासारखं. पण शरीराला कुठली आली लाज? एका पहाटे तिचे पायच तिला घेऊन निघाले.

जनकाबाई वेचणीला चालली होती. दोघी सोबत चालल्या. पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती. पुढं सातपुडा धुक्यात बुडालेला होता. बऱ्याच वेळानं जनकाबाईनं विचारलं, टोचायला नाही, नुसतंच, “बाई, आता कोनासाठी चालता व?”

गोजरबाई थांबली.

“तवा बी माह्याचसाठी चालत होती जनके,” ती म्हणाली. “मले समजलं नाही. आन् समजलं तवा त्यायले सांगाची हिंमत झाली नाही.”

जनकाबाईनं डोक्यावरचं गठुडं नीट केलं. तिचं शेत आलं, ती वळली. गोजरबाई टेकडीकडं बघत उभी राहिली, मग चढायला लागली. धाप लागली नाही.